मदत हवी आहे: वडिलांना डायलिसिस सांगितलंय, करायचं की नाही? लवकर सांगा

केळीवाला_यावल
मंडळी, सोमवारी आबांना जळगावला दाखवलं, क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) ६.८ निघालं. डॉक्टर म्हणे डायलिसिसची तयारी ठेवा आणि त्याआधी हाताचं छोटं ऑपरेशन करून घ्या, येत्या गुरुवारची तारीख पण देऊन टाकली. बाहेर ही गर्दी, आम्हाला दोन मिनिटं मिळाली नाहीत. आबा चालते-फिरते आहेत, काल सकाळी बागेत जाऊन ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवून आले. अशा माणसाला मशीनवर कशाला टाकायचं? गावात सगळे म्हणतात एकदा लागलं की सुटत नाही. मला फक्त हो का नाही ते सांगा, निबंध नको, इकडे माल कापणीला आलाय आणि व्यापारी रोज फोन करून राहिला.

सातपुड्याची_हवा
वय किती? शुगर? बीपी? लघवी किती होते, पायावर सूज आहे का? पोटॅशियम, हिमोग्लोबिन? सोनोग्राफीत किडनीची साइज काय लिहिलीय? एका आकड्यावर कोण काय सांगणार भो.

केळीवाला_यावल
वय ६२. बीपीची गोळी चालू आहे. बाकी सगळं नॉर्मल.

सातपुड्याची_हवा
"बाकी सगळं नॉर्मल" हे डॉक्टर म्हणाले का तुम्ही? रिपोर्ट समोर घेऊन बसा आणि आकडे टाका.

हुलगे_बाबा
मुतखडा असेल. आपल्या इकडच्या बोअरचं पाणी जड, घरोघरी खडे आहेत. हुलग्याचं पाणी रात्री भिजवून सकाळी द्या आणि दिवसाला पाच लिटर पाणी पाजा, किडनी धुऊन निघते. माझा स्वतःचा ६ एमएमचा खडा पडलाय.

चौथी_शिफ्ट
बाबा, मुतखड्याचं कोणी विचारलंच नाही. आणि कृपा करून पाच लिटर पाणी पाजू नका. ज्याची किडनी पाणी बाहेर टाकू शकत नाही त्याचं ते पाणी पायात उतरतं, मग छातीत. मी धुळ्याला डायलिसिस टेक्निशियन आहे, रात्री दोन वाजता दम लागलेले पेशंट येतात त्यातल्या अर्ध्यांना कोणीतरी असंच पाणी पाजलेलं असतं. सूज नसेल, लघवी चांगली असेल तर तहानेपुरतं प्यावं, सूज असेल तर डॉक्टर माप ठरवून देतात.

केळीवाले, तुमचा एक घोळ झालाय. हाताचं ऑपरेशन आणि डायलिसिस ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या ऑपरेशनला फिस्टुला म्हणतात, मनगटाजवळ किंवा कोपरात धमनी आणि शीर एकमेकीला जोडतात, म्हणजे शीर हळूहळू फुगून जाड होते आणि पुढे तिथे सुई टोचता येते. ती तयार व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, कधी जास्तही. म्हणून आधी करून ठेवायची. फिस्टुला केला म्हणून दुसऱ्या दिवशी मशीनवर घेत नाहीत, काहींचा तर सहा-आठ महिने नुसता पडून असतो. केला नाही आणि अचानक गरज पडली तर मानेतून नळी टाकावी लागते, तिला इन्फेक्शनचा धोका फार, आणि वर फिस्टुला तर करावाच लागतो, म्हणजे दोनदा चिरफाड.

केळीवाला_यावल
हे त्यांनी सांगायला नको का? मला वाटलं गुरुवारी मशीन.

रिपोर्ट टाकतो. पोटॅशियम ५.६, हिमोग्लोबिन ८.४, ईजीएफआर (किडनी किती गाळते तो आकडा) ८, सोनोग्राफीत दोन्ही किडन्या लहान झाल्यात असं लिहिलंय. शुगर नाही. पायाला संध्याकाळी थोडी सूज असते पण ती उभं राहून येते. दोन वर्षांपूर्वी क्रिएटिनिन २.१ होतं, तेव्हा एवढं कोणी मनावर घेतलं नाही.

सातपुड्याची_हवा
दोन वर्षांपूर्वी २.१ होतं हे आत्ता सांगताय? पहिल्या ओळीत यायला पाहिजे होतं. आबा दुखण्याच्या गोळ्या घेतात का, गुडघ्या-कमरेच्या?

केळीवाला_यावल
हो, गुडघ्याची. पाच-सहा वर्षं. मेडिकलवाला देतो, कापणीच्या दिवसात रोज एक.

सातपुड्याची_हवा
आज बंद. आजच. डायक्लोफेनॅक वगैरे जे काय असेल ते बंद, आणि पर्याय डॉक्टरला विचारून. किडनीची साइज नॉर्मल असती तर म्हटलं असतं की हे गोळ्यांनी अचानक झालेलं असेल, कदाचित मागे येईल. पण लहान झालेल्या किडन्या म्हणजे दुखणं जुनं आहे, ती परत वाढत नाहीत. ईजीएफआर १५ च्या खाली म्हणजे शेवटची, पाचवी स्टेज.

निसर्गोपासक
लगेच घाबरवून टाकलं बिचाऱ्याला. अॅलोपॅथीत किडनीला औषधच नाही म्हणून मशीनला जोडतात. आमच्या ओळखीतले एक वैद्य आहेत, तीन महिन्यांचा काढा आणि पुड्या, क्रिएटिनिन ९ वरून ३ वर आणलेला पेशंट मी डोळ्यांनी पाहिलाय. पत्ता मेसेज करतो.

चौथी_शिफ्ट
पेशंट पाहिला का रिपोर्ट पाहिला? आणि त्या पुड्यांमध्ये काय असतं ते वैद्य लिहून देतात का? काही भस्मांमध्ये पारा-शिसं निघतं, ते उरलीसुरली किडनीही खातं.

निसर्गोपासक
तुमचं पोट मशीनवर चालतं, तुम्ही दुसरं काय बोलणार.

चौथी_शिफ्ट
पगारी माणूस आहे भाऊ, पेशंट वाढला तरी पगार तेवढाच.

मामाना_भाचा
भाऊ, घाबरू नको. मना मामाले बी आसंच व्हयेल व्हतं. क्रिएटिनिन सातच्या वर होतं तरी चार महिने मशीनची गरज पडली नाही, डॉक्टर दर पंधरा दिवसांनी बोलावायचे. मग उलट्या सुरू झाल्या, जेवणच जाईना, तेव्हा सुरू केलं. आता चार वर्षं झाली, आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. मामा लग्नांना जातो, पंगतीत मात्र बसत नाही.

सातपुड्याची_हवा
बरोबर. नुसत्या क्रिएटिनिनवर मशीन लावत नाहीत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये एक मोठी चाचणी झाली होती, २०१० ला छापून आली, लवकर सुरू केलेले आणि त्रास होईपर्यंत थांबलेले, दोघांच्या जगण्यात फरक पडला नाही. पण थांबायचं म्हणजे घरी बसायचं असं नाही. दम लागणं, सतत उलट्या, गुंगी, पोटॅशियम औषधाने न उतरणं, यातलं काही झालं की तारखेची वाट न पाहता गाडी काढायची.

शहाद्याची_मास्तरीण
कोणी पोटाच्या डायलिसिसचं बोलतच नाहीये. माझ्या सासूबाई तीन वर्षं सीएपीडीवर होत्या. पोटात एक मऊ नळी बसवतात, दिवसातून तीन-चार वेळा दोन लिटरची पिशवी आत सोडायची, काही तासांनी काढायची, एका वेळेला अर्धा-पाऊण तास जातो. सगळं घरी. यावलच्या खेड्यातून आठवड्याला तीन चकरा मारण्यापेक्षा हे बरं.

केळीवाला_यावल
ताई, आम्ही बागेतच राहतो. धूळ, माश्या, गोठा. तिथं पोटाची नळी?

मामाना_भाचा
नकोच. मामाच्या वॉर्डात एकाला पोटात इन्फेक्शन झालं होतं, पंधरा दिवस पडून होता.

शहाद्याची_मास्तरीण
सासूबाईंनाही एकदा झालं, निघालेलं पाणी गढूळ दिसलं, त्याच दिवशी दवाखाना गाठला, अँटिबायोटिकने बरं झालं. महाल लागत नाही त्याला. एक बंद होणारी खोली, साबण, तोंडाला मास्क आणि पिशवी बदलताना पंखा बंद. आमचंही घर शेतातच आहे. बायकांना घरात राबायला लागतं म्हणून पुरुष मंडळी हा पर्याय बाजूला सारतात असं माझं स्पष्ट मत आहे, पण जाऊ दे.

भरीत_पार्टी
विषय सोडून विचारतो, किडनीवाल्याला भरीत चालतं का? आमच्या काकांना सगळंच बंद केलंय, माणूस जगायचा कशासाठी.

चौथी_शिफ्ट
चालतं, पण ताटभर नाही, आणि मीठ बेताचं. वांग्यात पोटॅशियम केळीपेक्षा कमी. फक्त भाजी उकळून पाणी फेकलं की पोटॅशियम निघून जातं तसं भाजल्याने जात नाही, हे लक्षात ठेवा. कळण्याच्या भाकरीसोबतचे पापड आणि लोणचं हे खरे शत्रू. आणि बाजारात ते "कमी सोडियम"वालं मीठ मिळतं ना, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, किडनीवाल्याच्या घरात ते नकोच.

केळीवाले, ५.६ पोटॅशियम आहे. आबा केळी खातात का?

केळीवाला_यावल
बाग आमची आहे भो. सकाळी दोन, दुपारी घडावरची एखादी पिकलेली. शेंगदाण्याची चटणी वेगळी.

चौथी_शिफ्ट
एका केळीत चारशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम. बंद करा. पोटॅशियम फार वाढलं तर हृदय थांबतं, आणि आधी फारसं कळतही नाही.

केळीवाला_यावल
आबांना कोण सांगणार हे.

ट्रान्सप्लांटचं विचारायचं होतं. माय म्हणते माझी घ्या. तिचा रक्तगट बी पॉझिटिव्ह, आबांचा ओ पॉझिटिव्ह.

सातपुड्याची_हवा
ओ वाल्याला सरळ फक्त ओ ची चालते. पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा प्रश्न नसतो. बी देणारा आणि ओ घेणारा असेल तर विशेष औषधं देऊन करतात काही ठिकाणी, पण खर्च बराच वाढतो. दुसरं म्हणजे स्वॅप, दोन कुटुंबांनी आपसात अदलाबदल करायची, १९९४ च्या कायद्यात २०११ ला जी दुरुस्ती झाली त्यात त्याला परवानगी आहे. पण ओ घेणाऱ्याला जोडी लवकर सापडत नाही. मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव नोंदवून ठेवा, ते मोठ्या शहरातल्या ट्रान्सप्लांट सेंटरमधून होतं. मायला शुगर-बीपी आहे का ते आधी तपासा. आणि हिमोग्लोबिन ८.४ आहे म्हणून कोणी लगेच रक्ताची बाटली लावायला निघालं तर विचारा, इंजेक्शनने वाढेल का? बाहेरचं रक्त चढलं की शरीरात अँटिबॉडी तयार होतात, पुढे जुळणारी किडनी सापडणं अवघड जातं.

केळीवाला_यावल
माझा ओ आहे. वय ३४. आबांपुढे विषय काढला तर ताटावरून उठले, म्हणे पोराचं कापून मी जगू का.

मामाना_भाचा
मामा पण असाच म्हणाला होता.

रेशनकार्ड_केशरी
पैशाचं कोणीच बोललं नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आहे, फक्त पिवळं किंवा केशरी कार्ड पाहिजे.

चौथी_शिफ्ट
ते जुनं झालं, आता पांढरं कार्डही चालतं. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, गुरुवारी त्याला आधी भेटा, फिस्टुला योजनेत बसतो का तेही विचारा. हिपॅटायटिस बीची लस पण आत्ताच सुरू करा, तिचे डोस महिने चालतात. आणि फिस्टुला शक्यतो कमी वापराच्या हाताला करतात, म्हणून आजपासून डाव्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाईन नको. आबा उजखोरे आहेत ना?

केळीवाला_यावल
नाही, डावरे आहेत.

चौथी_शिफ्ट
मग उजवा हात सांभाळा! आणि हे डॉक्टरला सांगितलंय का?

केळीवाला_यावल
नाही सांगितलं. सोमवारी रक्त उजव्यातूनच काढलं. गुरुवारी जातोय, कागदावर लिहून नेतो. व्यापाऱ्याला शुक्रवारी ये म्हटलंय. निसर्गोपासक, पत्ता पाठवू नका, माय वाचते माझे मेसेज.