पेशींचे प्रयोग आणि नाटकाच्या तालमी एकत्र कशा जमवायच्या?

तिसरी_घंटा
पीएचडीचं दुसरं वर्ष. विषय: कर्करोगाच्या पेशी औषधाला दाद देईनाशा होतात तेव्हा त्यांच्यातली कोणती जनुकं चालू-बंद होतात. रोजचं काम हीला पेशी (प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी कर्करोगाच्या पेशी), आरएनए (कोणतं जनुक चालू आहे ते सांगणारा रेणू) आणि वेस्टर्न ब्लॉट (नमुन्यातलं ठरावीक प्रथिन शोधायची चाचणी). बाहेरची हौस नाटकाची. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी ७ ते ९:३०, शिवाय रविवारी सकाळी तालीम. गाइडची हरकत नाही, पण पेशी वार बघत नाहीत आणि तालमीला एक जण नसला की सगळ्यांचा प्रवेश अडतो. प्रोटोकॉल नेमका कुठे थांबवता येतो आणि कुठे थांबवला तर नमुना वाया जातो?

पिपेट
प्रोटोकॉल छापून घ्या आणि त्यावर थांबे आखा. आरएनएसाठी पेशी ट्रायझॉलमध्ये (पेशी फोडून आरएनए टिकवणारं द्रावण) विरघळवल्या की नळ्या उणे ८० अंशांना ठेवता येतात. त्या आधी रेंगाळू नका, आरएनए तोडणारं आरएनएज एन्झाइम नमुना खाऊन टाकतं. क्लोरोफॉर्म घातल्यावर मात्र पुढे जायलाच हवं. त्यानंतरचा भरवशाचा थांबा म्हणजे ७५ टक्के इथेनॉलमधला आरएनएचा गोळा, उणे २० अंशांना. हाताशी दोन तास नसतील तर क्लोरोफॉर्मची बाटली उघडूच नका.

वेस्टर्नमध्ये थांबा आयताच मिळतो: पहिली अँटिबॉडी (हवं ते प्रथिन पकडणारी) ४ अंशांना रात्रभर. पण तिथवर पोचायला जेल (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणं) दीड तास, ट्रान्सफर (ती मेम्ब्रेन नावाच्या पातळ पडद्यावर उतरवणं) एक तास, ब्लॉकिंग (पडद्याची रिकामी जागा झाकणं) एक तास आणि वरचे हातकाम धरून साडेचार तास लागतात. तालमीच्या दिवशी जेल दुपारी दीडच्या आत सुरू झाली पाहिजे. मेम्ब्रेन पूर्ण बुडलेली हवी आणि डबी झाकलेली हवी. ती सुकली की पार्श्वभूमी काळी येते आणि मग काही सुधारत नाही.

शनिवार-रविवारचं गणित सोपं आहे. हीला पेशी साधारण २४ तासांत दुप्पट होतात. शुक्रवारी संध्याकाळी १:८ प्रमाणात (आठातला एक भाग नव्या फ्लास्कमध्ये) पसरल्या तर तीन दुपटी, म्हणजे सोमवार संध्याकाळ. १:३ केलं तर रविवारीच फ्लास्क भरतो आणि माध्यम (पेशींचं पोषक द्रव) पिवळं पडू लागतं. तुमच्या विषयात हे फार महागात पडेल, कारण दाटीमुळेच जनुकांची पातळी बदलते आणि तो बदल औषधाचा वाटतो.

लॉगफाइल
पुढे सिक्वेन्सिंगच्या (आरएनएचा क्रम वाचण्याच्या) डेटापर्यंत पोचाल तेव्हासाठी. रात्रभराचं गणन लावण्याआधी १ टक्का डेटावर चालवून बघा; वेळ आणि मेमरीचा अंदाज त्यातूनच येतो. सुट्टीत जॉब (संगणकावर लावलेलं गणन) मरतो तो बहुतेकदा डिस्कचा कोटा भरल्यामुळे किंवा वेळेची मर्यादा संपल्यामुळे. दर अर्ध्या तासाने चेकपॉइंट (तिथवरच्या कामाची जतन केलेली प्रत) घ्या, आणि तो आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून पूर्ण झाल्यावर नाव बदला. नाहीतर लिहिता लिहिता जॉब मेला तर आधीची चांगली प्रतही जाते.

तिसरी_घंटा
आभार. ४८ तासांच्या औषधाच्या प्रयोगांचं काय? आणि नाटकाच्या प्रयोगाच्या आठवड्यात?

पिपेट
४८ तासांचा प्रयोग मंगळवारी सकाळी १० ला लावा, गुरुवारी सकाळी १० ला उतरेल. मंगळवारी संध्याकाळी ५ ला लावलात तर तो थेट तालमीवर आदळतो. ७२ तासांचा कधीही गुरुवारी लावू नका, रविवारी येतो. कंट्रोल (तुलनेसाठी औषधाविना केलेला प्रयोग) त्याच वेळी, त्याच दाटीच्या पेशींवर.

नाटकाच्या आठवड्यात पेशी सरळ गोठवा. वाढीच्या भरात असताना, १० टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना पेशींना जपणारं रसायन), मिनिटाला १ अंशाने थंड होईल अशा डब्यात, उणे ८० ला रात्रभर आणि मग द्रव नायट्रोजनमध्ये. डीएमएसओ घातल्यावर नळ्या टेबलावर ठेवू नका, ते साध्या तापमानाला पेशींना मारक ठरतं. एक नळी आधी वितळवून त्या जगतात ना ते तपासल्याशिवाय चालू फ्लास्क फेकायचा नाही.

तळटीप
इतिहासाच्या संशोधनात थांबे मुळात नसतातच, वाचन संपत नाही. म्हणून तालमीचे दिवस गाइडसोबतच्या कॅलेंडरवर उघड लिहिलेले बरे. लपवलेला वेळ पहिल्या घाईत जातो. निघताना पुढचं वाक्य अर्धवट लिहून ठेवा आणि उताऱ्याचा पृष्ठक्रमांक तिथल्या तिथे नोंदवा; नंतर तो शोधण्यात अख्खी सकाळ जाते.