मदत हवी आहे: जुन्या घराच्या सागवानी चौकटीला वाळवी

नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेत आमचं जुनं घर आहे, तळमजल्यावर आई-बाबा राहतात. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे घोंगावले आणि सकाळी खिडकीत नुसते पंख. आता माजघराच्या चौकटीवर मातीच्या नळ्या चढल्या आहेत. एक फोडली तर आत पांढुरके किडे, आणि थोड्याच दिवसांत ती पुन्हा लिंपलेली! रंगामुळे चौकट धड दिसते, पण टकटक केलं की पोकळ वाजते.

शेजारच्या काकू म्हणतात रॉकेल ओता. मला ते पटत नाही. ही वाळवी जमिनीतून येते, उजेड आणि कोरडी हवा टाळायला नळ्या बांधते. वरचे कामकरी मेले तरी राणी खाली अंडी घालतच राहणार. सागाचा गाभा सहसा टिकतो, कडेचं फिकट लाकूड मात्र ती खाते. त्याच भिंतीला बाबांच्या पुस्तकांचं कपाट आहे आणि कागदही तिला तितकाच प्रिय, म्हणून जीव खालीवर होतोय.

पेस्ट कंट्रोलवाले भिंत आणि फरशीच्या सांध्यात भोकं पाडून औषध सोडू म्हणतात. दगड-मातीच्या भिंतीला ते झेपेल का? बाबांना दमा आहे, तर कमी वासाचं कोणतं औषध मागू? मोरीची ओल आधी थांबवावी का? आणि पेठांमध्ये चौकट न बदलता फक्त खराब भाग जोडून देणारा जाणता सुतार कुणाला माहीत आहे का?