अ‍ॅनिमल फार्म : मला तर खरा गुन्हेगार बेंजामिनच वाटतो

जॉर्ज ऑरवेलच्या या कादंबरीत प्राणी माणसाला हाकलून फार्म ताब्यात घेतात आणि मग डुकरंच मालक होऊन बसतात. त्यात नेपोलियन डुक्कर हुकूमशहा, स्क्वीलर डुक्कर त्याचा भोंगा, हे कुणीही सांगेल. पण ऑरवेलच्या त्या अख्ख्या फार्मवर माझा राग आहे तो बेंजामिन गाढवावर. डुकरांइतकंच वाचता येतं याला, भिंतीवरचे नियम बदलतायत, क्लोव्हर घोडी येऊन म्हणते की सहावा नियम वाचून दाखव, तर हा म्हणे मी असल्या भानगडीत पडत नाही, मग बिचारीने म्युरिएल शेळीला गाठलं. आणि तोंड उघडलं कधी, तर राबराब राबलेल्या बॉक्सर घोड्याला गाडीत घातल्यावर, की अरे गाडीवर घोडे कापणाऱ्याचं नाव लिहिलंय!! अक्षरशः वरातीमागून घोडं.

खवचट कावळा : बोलून काय दिवे लावले असते त्याने? रविवारच्या सभा बंद केल्या तेव्हा चार डुकरं बोलली, पुढे नेपोलियनच्या कुत्र्यांनी त्यांचेच गळे फाडले. कोंबड्या अंड्यांसाठी अडून बसल्या तर दाणा बंद, नऊ मेल्या. गाढव शहाणं होतं म्हणून जगलं. घरात बसून शौर्याच्या गप्पा सोप्या असतात हो.

धागाकर्ता : भाषण ठोक असं कुठे म्हणतोय मी? एकट्या क्लोव्हरला एक ओळ वाचून दाखवायची होती. म्युरिएलने दाखवलीच ना, तिला काय झालं? काही नाही.

साधा_माणूस : तुम्ही दोघं गाढवावर भांडताय आणि बॉक्सर सुटला. तो कुत्र्यांचा सीन परत वाचा. तीन कुत्री अंगावर येतात, हा एकाला खुराखाली दाबतो, बाकीची दोन शेपूट घालून पळतात, आणि मग हा पठ्ठ्या नेपोलियनकडे बघतो, की चिरडू का सोडू?? त्या क्षणी सगळी सत्ता त्याच्या पायाखाली होती राव. साहेब म्हणाले सोड, याने सोडलं.

मुक्ता_वाचते : बॉक्सरला फक्त अंधभक्त म्हणणं मला नाही पटत. स्नोबॉल (नेपोलियनने हाकललेलं दुसरं पुढारी डुक्कर) पहिल्यापासून फितूर होता हे त्याने स्क्वीलरच्या तोंडावर नाकारलं होतं, कुत्री त्याच्यावर गेली ती म्हणूनच असणार. फक्त "नेपोलियन म्हणतो" एवढं ऐकलं की गडी थंड. चार अक्षरांपुढे न गेलेल्या कामगाराला किती झोडपायचं?

खवचट कावळा : आणि स्नोबॉलला हिरो करणारे कुठे गेले? दूध आणि सफरचंदं फक्त डुकरांनी खायची यावर त्याचं आणि नेपोलियनचं एकमत होतं, एका माळेचे मणी. गोष्ट तिथेच फिरते असं ऑरवेलने स्वतः एका पत्रात लिहिलंय, आणि सोबत क्रोनश्टाट या रशियन नौदल तळाचं नाव घेतलंय. 1921 साली तिथल्या खलाशांचं बंड मोडलं ते ट्रॉट्स्कीच्याच लाल सैन्याने, आणि स्नोबॉल बेतलाय तो रशियन क्रांतीच्या याच पुढाऱ्यावर. म्हणजे स्नोबॉल टिकला असता तरी दूध डुकरांनाच.

मुक्ता_वाचते : तरी स्नोबॉलच्या पवनचक्कीच्या योजनेवर मतदान तरी झालं असतं. नेपोलियनने नऊ कुत्री सोडून ते होऊच दिलं नाही, हा फरक मला बारीक वाटत नाही.

धागाकर्ता : मतदान ठीक आहे, पण दूध कुठे जातंय हे तेव्हाही बेंजामिनला दिसत असणार.

साधा_माणूस : गाढव काही सोडत नाही हा माणूस 😂 त्या मोझेस कावळ्यावर पण बोला कुणीतरी, काम शून्य आणि वर डुकरांकडून रोजची बिअर!