कॉन्स्टंटाइनच्या नाण्यावर सूर्यदेव कसा?

गंगापूररोडकर: नाशिकच्या नाणेप्रदर्शनात एक रोमन कांस्य नाणं घेतलं, साधारण रुपयाएवढं. एका बाजूला सम्राट कॉन्स्टंटाइन. दुसरीकडे उभा देव: डोक्याभोवती किरण, उजवा हात उंचावलेला, डाव्या हातात गोळा. आजूबाजूला टी आणि एफ, खाली पीटीआर. ख्रिस्ती झालेला सम्राट हाच ना? मग क्रूस कुठे आहे? नाणं बनावट तर नाही?

जुनीनाणी: तेवढ्यावरून बनावट म्हणता येत नाही. पीटीआर म्हणजे ट्रियर (आजच्या जर्मनीतलं शहर) टांकसाळीचा पहिला विभाग, छाप साधारण 310 ते 315 चा. देव म्हणजे सोल, रोमनांचा सूर्य. कडेला ‘सोली इन्विक्टो कॉमिटी’ लागतंय का बघा: अजिंक्य सूर्याला, सम्राटाच्या सोबत्याला.

312 ला रोमजवळ मिल्व्हियन पुलाची लढाई कॉन्स्टंटाइनने जिंकली (त्याच्या ख्रिस्ती होण्याची गोष्ट हिच्याशीच जोडतात), 313 ला ख्रिस्ती लोकांना उघड मोकळीक मिळाली, तरी हा सूर्य कांस्य नाण्यांवर 317-18 पर्यंत टिकला. मला ही नाणी म्हणूनच फार आवडतात. गोष्टीत सम्राट एका लढाईत बदलतो, नाण्यांवर तो बदल वर्षानुवर्षं रेंगाळतो. सैनिकांपासून बाजारापर्यंत हेच चिल्लर फिरायचं आणि ते हाताळणारे बहुतेक जुनेच देव मानायचे.

सोल गेल्यावरही त्याच्या जागी क्रूस आला नाही. आल्या छावणीच्या वेशी, निशाणाशेजारी उभे शिपाई. कुणालाच न दुखावणारी चित्रं. 327 च्या सुमाराला कॉन्स्टँटिनोपलच्या एका दुर्मीळ नाण्यावर सापाला भोसकणारं निशाण आहे, त्याच्या टोकाला ख्रिस्ताच्या नावातली पहिली दोन ग्रीक अक्षरं गुंफलेली. नाण्याची अख्खी बाजू व्यापणारी तीच खूण मॅग्नेन्शियसने, म्हणजे पश्चिमेत सत्ता बळकावलेल्या सम्राटाने, 353 च्या सुमाराला आणली.

सिन्नरकर: आपल्याकडे याच्या उलट! 1906 ला नाशिकजवळ जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा छाप मारलाय. नहपानाच्या चेहऱ्यावरच चैत्याची, म्हणजे कमानींच्या डोंगराची खूण!

जुनीनाणी: तिथे हरलेल्या शत्रूचं नाणं आपलं करायचं होतं, दादा. सोल तर कॉन्स्टंटाइनचा स्वतःचा देव होता, त्याच्यावर घाव कोण घालणार?

गंगापूररोडकर: ‘कॉमिटी’ स्पष्ट लागलं! बाकीची अक्षरं हिरव्या थराखाली आहेत. चिंच लावून घासू का?

जुनीनाणी: अजिबात नको! आंबटाने थर जाईल आणि त्याबरोबर किरणांची टोकंही. डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, मऊ ब्रशने माती काढा, नीट कोरडं करा. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ती कांस्य गंजत चालल्याची खूण, ते नाणं बाकीच्यांपासून आधी वेगळं ठेवा.