विषय: गुरुवारच्या आत पत्र हवंय, लेटरहेडचं आजच ठरवा

सचिव:
मंडळी, आपल्या शनिवारच्या ताईंच्या वकिलांना असायलमच्या (इथे आश्रय मागण्याच्या) अर्जासोबत जोडायला पत्र हवंय. मसुदा वहिनींनी केलाय. लेटरहेडवर द्यायचं की साध्या कागदावर?

खजिनदार:
ठरावाशिवाय लेटरहेड बाहेर जाणार नाही. मागच्या वेळी किती निस्तरावं लागलं ते आठवा. मदतीला माझी ना नाही, पण हकीकत खरी कशावरून? तिच्या देशाच्या वकिलातीत एक फोन करून खातरजमा करू या.

वहिनी (वाचनालय):
भाऊ, हात जोडते, तो फोन कोणीही करू नका. ज्या सरकारच्या धाकाने ती पळाली, त्यालाच तिचा पत्ता दिल्यासारखं होईल. आईवडील अजून तिथेच आहेत.
खरंखोटं अधिकारी ठरवतील. आपण डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं: आठ महिने येते, मुलांना गणित शिकवते, दार वाजलं की खुर्ची भिंतीकडे सरकवते. ‘तिचा छळ झाला’ हे वाक्य मी खोडलं. आपण तिथे नव्हतो. म्हणून पत्र माझ्या नावाने, माझ्या सहीने जाऊ दे.

नाट्यविभाग:
लेटरहेडचं तुम्ही बघा. शनिवारी दोन ते चार हॉल तालमीला दिलाय, हे जानेवारीतच ठरलं होतं. ताईंच्या गणिताच्या वर्गाला मागची खोली द्या. तिथे दाराची वर्दळ नाही, त्यांनाही बरं पडेल.

खजिनदार:
पत्र वैयक्तिक असेल तर माझी हरकत संपली. पण ती कागदपत्रांशिवाय आली आहे. त्याचं काय?

काका (माजी अध्यक्ष):
१९५१च्या निर्वासित करारातलं ३१वं कलम वाचा. जिवाच्या भीतीने थेट आलेला माणूस लगेच अधिकाऱ्यांपुढे हजर झाला आणि सबळ कारण दिलं, तर बेकायदा प्रवेशाबद्दल त्याला शिक्षा करायची नाही. पळणाऱ्याला पासपोर्ट कोण देणार?

दादा (दुभाषी):
खुर्चीचं वाचून राहवलं नाही. पत्रापेक्षा तारखेची अडचण मोठी आहे. तिच्या अटकेच्या कागदावर बहमन १३९९ आहे. भाषांतरात कोणीतरी ६२१ मिळवून २०२० लिहिलंय. इराणी वर्ष मार्चमध्ये सुरू होतं आणि बहमन अकरावा महिना, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी २०२१. शके १९४२चा चैत्र २०२०मध्ये आणि माघ २०२१मध्ये आला, तसंच. मुलाखतीत ती बरोबर २०२१ म्हणाली, आणि आता तीच खोटी ठरतेय.
गुरुवारी तिच्यासोबत जाणाऱ्यांना एक सांगतो. पूर्वी अशाच एकासाठी दुभाषाचं काम करताना तो अडखळला की मी त्याचं वाक्य पुरं करायचो. मला ती मदत वाटायची. पुढे तीच वाक्यं त्याच्या जबाबाशी जुळेनात. अजून सलतं. ती थांबली तर थांबू द्या.

वहिनी:
दादा, तारीख-महिना इथे नको होता. ही यादी कोण कोण वाचतं, आपल्याला ठाऊक नाही. सचिव, ती मेल संग्रहातून काढा. दादा, दुरुस्ती लेखी करून द्या, मी आजच वकिलांकडे पोचवते. आणि गुरुवारी सकाळी गाडी कोण काढतंय?

नाट्यविभाग:
मी काढतो. साडेआठला हॉलपाशी.