उत्तर: जुन्या पलंगाच्या सागवानाची गिटार

जुन्या पलंगाच्या सागवानातून इलेक्ट्रिक गिटार करता येईल का, असा प्रश्न आहे. त्यावर "महोगनी किंवा अल्डर नसेल तर इलेक्ट्रिक गिटारच्या नादी लागू नका" असं या दोन लाकडांच्या बाजूने कुणीतरी दिलेलं मत काही पटलं नाही बुवा. क्वीन या रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने १९६३मध्ये वडिलांबरोबर घरीच गिटार करायला घेतली. नेकला (गिटारच्या लांब दांड्याला) जुन्या शेकोटीच्या चौकटीची महोगनी, तीही किड्यांनी पोखरलेली. भोकं बुजवली काड्यापेटीच्या काड्यांनी! बॉडीत (मुख्य धडात) ओकचं लाकूड आणि चक्क ब्लॉकबोर्ड. पुढे क्वीनबरोबर तो आयुष्यभर तीच वाजवत आला. डॅनइलेक्ट्रो कंपनीच्या गिटारींच्या पुढच्या-मागच्या बाजू तर हार्डबोर्डच्या, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या.

गिटारी बनवणारी फेंडर कंपनी १९५६च्या सुमारास अ‍ॅश या लाकडावरून अल्डरकडे वळली, त्यातही सोय मोठी होती: अ‍ॅशच्या रेषांतली उघडी छिद्रं रंगाआधी भरावी लागतात, अल्डरची नाही. आवाजात लाकडाचा वाटा किती, यावर भांडणं चालूच राहतील. मला विचाराल तर पिकअप (तारांची कंपनं टिपणारे चुंबकी भाग) आणि त्यांची तारांपासूनची उंची आधी बघा.

तेव्हा पलंगाचं सागवान बिनधास्त वापरा. जुनं म्हणजे मुरलेलं, हा फायदाच. फक्त ते तेलकट असतं. रंधा मारल्यावर अ‍ॅसिटोनने पुसून लगेच चिकटवा, नाहीतर जोड सुटतो. बॉडी जड वाटली तर आतून पोकळ्या काढा. नेकला मात्र सरळ रेषांचाच तुकडा निवडा, गाठ असलेला नको.