मदत हवी आहे : पहिल्या महायुद्धात गेलेले पणजोबा आणि त्यांच्या धाकट्या मुलाचा वंश (निफाड, नाशिक)

निफाडकर_४
नमस्कार मंडळी. पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे गेले आणि परतले नाहीत, एवढंच घरात सांगितलं जातं. पणजीला शेवटपर्यंत पेन्शन होती, कागद मात्र एकही उरलेला नाही. मुलगे दोन. थोरल्याची शाखा निफाड तालुक्यातच आहे. धाकटा मुंबईला गिरणीत गेला आणि त्या शाखेचा संपर्क तुटला.

हातात एकच वस्तू आहे : चांदीचं गोल पदक, पुढे राजाचा मुखवटा, मागे घोड्यावरचा वीर आणि १९१४-१९१८. कडेवर इंग्रजीत नंबर, 'सिपाय', पणजोबांचं पहिलं नाव आणि '११७ मराठाज' असं आहे. नंबराचा शेवटचा आकडा झिजलाय, १ की ७ कळत नाही.

युद्धकबरी आयोगाच्या (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) संकेतस्थळावर तेच नाव आणि ११७ टाकलं तर दोन माणसं येतात. एकाचा मृत्यू २२ नोव्हेंबर १९१५, दुसऱ्याचा सप्टेंबर १९१६. यातले आमचे कोण, हे कसं ठरवावं? आणि धाकट्याचा वंश कुठून शोधायला सुरुवात करावी?

रिबनपेटी
आधी एक विनंती. पदक चिंच, पितांबरी, पॉलिश कशानेही घासू नका. कडेवरची अक्षरं फार खोल नसतात, दर दिवाळीला घासून घासून ती जातात. तुमचा शेवटचा आकडा बहुधा असाच गेलाय.

वाचायचं असं : खोलीत अंधार करा, पदक काळ्या कापडावर उभं धरा आणि टॉर्च कडेला जवळजवळ चिकटवून आडवा प्रकाश टाका. प्रकाश समोरून पडला तर चांदी चमकते आणि काहीच दिसत नाही. पदक थोडं थोडं फिरवत आठ-दहा फोटो काढा. ७ असेल तर वरच्या आडव्या रेघेचं डावं टोक कुठल्या ना कुठल्या फोटोत सावली देतं, १ ला ती सावली पडत नाही. फोटोत जमलं नाही तर पातळ बटर पेपर कडेवर ताणून धरा आणि मऊ पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने फिरवा.

चांदीचं आहे म्हणजे ते लढाऊ सिपाई होते, ही शंका मिटली. हेच पदक हमाल, मजूर तुकड्या वगैरेंना ब्राँझमध्ये दिलं जाई. घरात जुन्या पितळी भांड्यांत सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची ब्राँझची जड तबकडी आहे का, तेही बघा. हातात त्रिशूळ घेतलेली बाई, शेजारी सिंह आणि एका चौकटीत मृताचं नाव, असं तिचं रूप असतं. मृतांच्या वारसांना ती मिळायची. तिच्यावर हुद्दा मुद्दामच घातलेला नाही, शिपाई आणि साहेब एकाच मापाचे. कित्येक घरांतून ती मोडीत गेली, म्हणून माळ्यावरचं बोचकं उचलण्याआधी नीट उघडून बघा.

कूत_अमारा
दोन तारखांमध्ये फार मोठा फरक आहे. २२ नोव्हेंबर १९१५ ही बगदादजवळच्या टेसिफॉनच्या, म्हणजे सलमान पाकच्या लढाईची पहिली तारीख. ११७ मराठाज ही पलटण तिथे सहाव्या डिव्हिजनच्या १६व्या ब्रिगेडमध्ये होती. माघार घेऊन हे सैन्य इराकमधल्या कूत गावी आलं, डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकलं आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेलं. १०३ आणि ११० मराठा याही त्याच वेढ्यात होत्या. सुमारे १३ हजार माणसं कैदेत गेली. वेढ्यात उपासमार झालेलीच होती, त्यात उन्हाळ्याचं वाळवंट पायी तुडवावं लागलं. पुष्कळ जण वाटेतच किंवा छावण्यांत वारले.

सप्टेंबर १९१६ चा माणूस यांतलाच असेल असं मात्र लगेच धरू नका. वेढ्याबाहेर राहिलेले, नव्याने भरती झालेले आणि दुसऱ्या पलटणीला जोडून दिलेले लोकही होते. नोंदीत पलटणीपुढे 'अटॅच्ड' असा शेरा असेल तर मरताना तो माणूस दुसऱ्या पलटणीबरोबर होता. पदकावर बहुतेक मूळ पलटणच कोरलेली असते. नोंद खडकीच्या स्मारकाची असेल तर मृत्यू हिंदुस्थानातच झालेला, बसरा स्मारकाची असेल तर मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) आणि कबर अज्ञात.

बसरा स्मारकाच्या फोटोत नाव शोधू नका. तिथे हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा घातला. नावं नोंदवहीत आहेत, आणि तुम्हाला लागते ती नोंदवहीच. तुमच्या दोन्ही नोंदी उघडून 'अतिरिक्त माहिती' वाचा. बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असं असेल तर तिथेच असतं. आणि तारखेला फार चिकटू नका, बेपत्ता माणसाची तारीख पुष्कळदा कागदोपत्री ठरवलेली असते.

निफाडकर_४
उघडून पाहिलं. दोन्हींत नासिक जिल्हा आहे. गावाचं स्पेलिंग एकाचंही धड लागत नाही. १९१५ वाल्याच्या बापाचं नाव दिलंय, दुसऱ्याचं नाही. अडचण अशी की पणजोबांच्या वडिलांचं नाव आम्हालाच माहीत नाही. बेळगावला पत्र टाकू का?

कूत_अमारा
टाका, पण भिस्त ठेवू नका. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावला आहे. ११७ वी पलटण १९२२ च्या फेररचनेत पाचवी मराठा लाईट इन्फंट्रीची पाचवी बटालियन झाली, म्हणून पत्रात जुनं आणि नवं दोन्ही नाव लिहा. फौजेतले कागद ठराविक मुदतीनंतर नष्ट केले जातात, त्यामुळे इतक्या जुन्या शिपायाचा शीट रोल (सेवेचा तक्ता) किंवा घरच्या माणसांची यादी असलेला किंड्रेड रोल उरला असण्याची शक्यता थोडी. दुसऱ्या महायुद्धातला शिपाई असता तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि डिस्चार्ज बुक इथूनच सुरुवात करा म्हटलं असतं. लाहोरच्या युद्धनोंदवह्यांबद्दल इंटरनेटवर वाचाल, त्या फक्त पंजाबच्या आहेत.

स्पेलिंगचं म्हणाल तर लिहिणारा कारकून कानाला ऐकू येईल तसं लिही. विठूचा 'इटू' होतो. चांदवड तालुका तेव्हा 'चांदोर' होता. गावाचं नाव मोठ्याने इंग्रजी थाटात वाचून बघा, अर्धी नावं तशीच लागतात.

तलाठी_सजा
बापाचं नाव महसुली कागदातून निघेल. जमीन होती का? असेल तर निफाड तहसीलच्या अभिलेख कक्षात जुन्या फेरफारांची नक्कल मागा. शासनाच्या 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर नाशिक जिल्हा आहे, आधी तिथे शोधा. मृत्यू १९१५-१६ चा असला तरी वारसाचा फेरफार चार-पाच वर्षं उशिरा पडलेला असू शकतो, म्हणून १९१५ ते १९२५ असा पट्टा चाळा. नोंद साधारण अशी वाचाल : अमुक 'बिन' तमुक मयत, वारस बायको आणि दोन अज्ञान (अल्पवयीन) मुलगे. 'बिन'च्या पुढचं नाव बापाचं. बाईच्या नावापुढे 'भ्र.' असेल तर त्यापुढे नवऱ्याचं नाव येतं.

इथे हमखास अडकतं ते गट नंबरावर. आजच्या सात-बाऱ्यावरचा गट नंबर घेऊन १९२० चा फेरफार मागाल तर मिळणार नाही, तेव्हा सर्व्हे नंबर होते. भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडून एकत्रीकरण योजनेचा उतारा काढा, त्यावरून गटाचा जुना सर्व्हे नंबर कळेल.

जमीन नसेल तर कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंदवही. पणजोबांचा मृत्यू परमुलखातला, तो तिथे सापडणार नाही. मागायचे ते दोन्ही मुलांचे जन्म आणि पणजीचा मृत्यू. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतील. फोटोची परवानगी घेऊन पूर्ण पानाचा फोटो काढा, नुसत्या ओळीचा नको. मोडी वाचणाऱ्याला त्याच हातातली इतर नावं पाहून अक्षर लागतं.

पंचवटी_घाट
धाकट्या मुलाच्या वंशासाठी तुम्हाला लांब जायला नको. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे नामावळी, म्हणजे घराण्यांच्या नावांच्या वह्या, असतात. गाव आणि आडनावावरून तुमच्या घराण्याचे उपाध्ये कोण ते ठरतं. विचारताना मूळ गाव सांगा, आज राहता ते नव्हे. घराणं दोन पिढ्यांपूर्वी दुसऱ्या गावाहून आलं असेल तर तेही सांगा.

पणजोबांच्या अस्थी आल्या नसणार, म्हणून त्यांच्या नावाची नोंद शोधण्यात दिवस घालवू नका. पणजीच्या आणि दोन्ही मुलांच्या मृत्यूनंतर कोण आलं ते शोधा. देह न मिळालेल्याचा पालाशविधी किंवा त्र्यंबकला नारायण नागबळी केला असेल तर त्या दिवशीही नाव लिहिलं गेलेलं असेल. येणारा माणूस आजोबा, वडील, भाऊ, मुलं, पुतणे सगळ्यांची नावं सांगतो आणि खाली सही किंवा अंगठा करतो. मुंबईची शाखा कधीतरी अस्थी घेऊन आली असेल तर त्यांचा तेव्हाचा पत्ता, क्वचित फोन नंबरही तिथे मिळेल. सिंहस्थाची वर्षंही विचारा, २००३ आणि २०१५ ला पुष्कळ कुटुंबांनी आपली पानं पुढे लिहून घेतली आहेत. सगळ्या समाजांच्या नोंदी या वह्यांत नसतात. नसल्या तर तलाठीभाऊंनी सांगितलेला रस्ताच धरा.

जाताना आत्तापर्यंतची वंशावळ एका कागदावर स्वच्छ लिहून न्या. वही ते स्वतः उघडून वाचतात, आपण पानाला हात लावायचा नाही. दक्षिणा द्या आणि आपल्या शाखेची नवी नावं लिहूनच उठा. उद्या मुंबईहून कोणी शोधत आलं तर त्यांना तुम्ही सापडायला हवेत.

निफाडकर_४
टॉर्चचा उपाय लागू पडला, आकडा ७ आहे. १९१५ वाल्याचा नंबरही ७ नेच संपतो, आधीचे आकडेही जुळतात. म्हणजे टेसिफॉन नक्की धरायचं का?

कूत_अमारा
दुसऱ्या नोंदीचा नंबर वेगळा असेल तर पदक १९१५ वाल्याचंच. पण ते पदक तुमच्या घरात कोणाचं म्हणून आलं, हे अजून सिद्ध व्हायचंय. चुलत्याचं किंवा पणजीच्या भावाचं पदक घरात राहिल्याची उदाहरणं आहेत. फेरफारात 'बिन'पुढचं नाव आणि आयोगाच्या नोंदीतलं बापाचं नाव एक निघालं की झालं. तोवर वंशावळीत मृत्यूची तारीख पेन्सिलीने लिहा. आणखी एक : ते १९१५ सालीच आघाडीवर होते, म्हणजे १९१४-१५ चा स्टार हे दुसरं पदकही त्यांना लागू होतं. तो ब्राँझचा असतो, नंबर आणि नाव मागच्या बाजूला. धाकट्याची शाखा सापडली तर तो त्यांच्याकडे आहे का, हे आधी विचारा.

तलाठी_सजा
फेरफाराची नक्कल मिळाली की नावं झाकून फोटो इथे टाका. मोडी असेल तर वाचून देतो.